परदेशी विद्यार्थ्यांसाठी राबणाऱ्या कर्मचाऱ्याचा गौरव कसा करावा: सातारा-सांगलीच्या कॉलेजांसाठी पायरी-पायरीनं

सत्कार करायचा ठरला की आपल्याकडं पहिली यादी होते ती शाल, श्रीफळ आणि प्रमुख पाहुण्यांची. कार्यक्रम होतो, फोटो निघतात, आणि दुसऱ्या दिवशी त्या कर्मचाऱ्याच्या नस्तीत, म्हणजे सेवेच्या फाईलमध्ये, एका ओळीचीही भर पडलेली नसते. पुढं बढती, मुदतवाढ किंवा पुरस्काराची वेळ येते तेव्हा समितीसमोर कागद असतो, आणि कागदावर काहीच नसतं. म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी कागद, मग कार्यक्रम.

हा लेख वर्गप्रतिनिधी, परदेशी विद्यार्थ्यांचे इथले मित्र, नव्यानं रुजू झालेले शिक्षक आणि वसतिगृहात त्यांच्यासोबत राहणारी मुलं-मुली यांच्यासाठी आहे. परदेशी विद्यार्थ्यांना भावना असते, पण आपल्या कार्यालयांची रीत माहीत नसते. ती बाजू तुम्ही सांभाळायची.

१. काम खरोखर कोण करतं ते शोधा

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात परदेशी विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत त्यांच्यासाठी स्वतंत्र कार्यालय असावं असं म्हटलं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांतही तसं कार्यालय सुचवलं आहे. प्रत्यक्षात सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज भागात अनेकदा हा कक्ष म्हणजे एका प्राध्यापकाकडं दिलेला अतिरिक्त कार्यभार असतो. दारावर पाटी समन्वयकांची असते. रात्री अकराला फोन उचलणारे मात्र कधी विद्यार्थी विभागातले भाऊसाहेब असतात, कधी वसतिगृहाच्या रेक्टर मॅडम, तर कधी पोलीस अधीक्षक कार्यालयात कागद घेऊन हेलपाटे घालणारे मामा.

पाच-सहा परदेशी विद्यार्थ्यांना वेगवेगळं गाठून तीनच प्रश्न विचारा. इथं पोचलात त्या दिवशी तुम्हाला कोण भेटलं? कागद अडला तेव्हा कुणाकडं गेलात? आजारी पडलात तेव्हा कुणाला कळवलं? एकच नाव पुन्हा पुन्हा आलं तर प्रश्न मिटला. दोन नावं आली तर दोघांचा गौरव करा. एकाला वगळून दुसऱ्याला पुढं केलं की त्या कार्यालयातलं वातावरण बिघडतं, आणि त्याचा त्रास पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना होतो.

२. त्या कामात काय काय येतं ते समजून घ्या

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे. या माणसाचं काम नीट झालं की काहीच घडत नाही: नोटीस येत नाही, दंड होत नाही, विमान चुकत नाही, परीक्षेचा अर्ज अडत नाही. न घडलेल्या गोष्टीचं कौतुक करायचं तर आतली यंत्रणा माहीत हवी.

परदेशी विद्यार्थी वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहायला आला की त्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवावी लागते. कार्यालयांत याला अजूनही फॉर्म सी म्हणतात. विद्यार्थी शनिवारी रात्री पोचला तरी २४ तास म्हणजे २४ तासच. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर भारतात आल्यापासून १४ दिवसांत नोंदणीही करावी लागते. अर्ज ई-एफआरआरओ या परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर होतो, आणि जिल्ह्यात नोंदणी अधिकारी म्हणून पोलीस अधीक्षक काम पाहतात. अर्जासोबत संस्थेचं बोनाफाईड, राहण्याच्या जागेचा पुरावा, पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती जोडाव्या लागतात. बोनाफाईडवरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव यांत एका अक्षराचा फरक पडला तरी अर्ज परत येऊ शकतो. अनेक देशांत आडनाव लावण्याची आपल्यासारखी पद्धत नाही, आणि आपल्या प्रवेश अर्जात आडनावाचा रकाना रिकामा सोडता येत नाही. मग कुणीतरी वडिलांचं नाव तिथं भरतं आणि गाडी अडते. अनुभवी भाऊसाहेब हे पहिल्याच दिवशी, पासपोर्ट समोर ठेवून तपासतात.

पुढं मुदतवाढ असते. व्हिसा आणि पासपोर्ट या दोन्हींच्या मुदती सांभाळाव्या लागतात, आणि त्या सहसा एकाच दिवशी संपत नाहीत. पासपोर्ट संपत आला असेल तर आधी त्या देशाच्या दूतावासाकडं अर्ज करावा लागतो, म्हणजे बहुधा दिल्ली किंवा मुंबई. खोली बदलली तर नवा पत्ता कळवावा लागतो. विद्यार्थी व्हिसा संस्थेशी बांधलेला असतो, त्यामुळं कॉलेज बदलायचं तर आधी परवानगी लागते. परदेशातल्या शालान्त किंवा पदवी परीक्षेला इथं समकक्षता हवी असेल तर त्यासाठी वेगळं प्रकरण पाठवावं लागतं. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तीवर आलेल्या विद्यार्थ्यांचा पत्रव्यवहार आणखी वेगळा असतो.

नेपाळ आणि भूतानच्या नागरिकांना शिक्षणासाठी व्हिसा लागत नाही. त्यामुळं ‘व्हिसाचं काम केलं’ एवढंच पत्रात लिहिलंत तर या विद्यार्थ्यांसाठी झालेलं सगळं काम गळून पडतं. त्यांच्या अडचणी ओळखपत्र, बँक खातं, सिमकार्ड आणि गुणपत्रिकेची मान्यता यांभोवती असतात. त्यांनाही विचारा.

कागदापलीकडचं कामही तितकंच आहे. मुंबईला मध्यरात्री उतरलेल्या मुलीला पुण्यापर्यंत कसं यायचं, आणि तिथून साताऱ्याला किंवा सांगलीला कोणती गाडी धरायची हे आधीच कळवणं. रमजानमध्ये पहाटेच्या जेवणाची मेसमध्ये सोय लावणं. तिखट न सोसणाऱ्याला पहिले पंधरा दिवस वेगळी भाजी मिळेल असं बघणं. दवाखान्यात डॉक्टरांचं मराठी-हिंदी बोलणं समजावून सांगणं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा महापूर सांगलीत शिरला आणि २०२० मध्ये टाळेबंदी लागली. या दोन काळांबद्दल जुन्या विद्यार्थ्यांना मुद्दाम विचारा. घरी जाता न येणाऱ्या मुलांजवळ तेव्हा कोण थांबलं हे लिहून ठेवलेलं बहुधा कुठंच नसतं.

३. त्या व्यक्तीची परवानगी घ्या

गुपचूप तयारी करून आश्चर्याचा धक्का द्यायचा मोह टाळा. काहींना गाजावाजा नको असतो. काहींच्या वरिष्ठांशी आधीच कुरबुरी असतात, आणि जाहीर कौतुकानं त्या वाढतात. सरळ जाऊन सांगा: “सर, तुमच्या कामाबद्दल विद्यार्थ्यांना कुलसचिवांकडं लेखी पत्र द्यायचं आहे. चालेल का?”

त्याच भेटीत पूर्ण पदनाम, विभाग, रुजू झाल्याचं वर्ष आणि सेवेचा प्रकार विचारून घ्या. कायम, कंत्राटी की बाह्यस्रोतामार्फत, हे कळणं गरजेचं आहे. संस्थांचे अनेक पुरस्कार फक्त कायम कर्मचाऱ्यांसाठी असतात. कंत्राटी माणसाचा प्रस्ताव तयार करून शेवटी अपात्र म्हणून परत येणं त्याच्यासाठी फार क्लेशाचं असतं. त्याच्यासाठी पुरस्काराच्या मागं न लागता पत्राचा मार्ग धरा. मुदतवाढीच्या वेळी असं पत्र नस्तीत असणं खरोखर उपयोगी पडतं.

४. विद्यार्थ्यांकडून लेखी आठवणी घ्या

पाच ते आठ विद्यार्थी पुरेत. वेगवेगळे देश, वेगवेगळी वर्षं, मुलं आणि मुली दोन्ही, आणि शिकून गेलेल्यांपैकी निदान दोघं. प्रत्येकाकडून शंभर-दीडशे शब्द. ज्या भाषेत ते सहज लिहितात त्या भाषेत लिहू द्या, भाषांतर नंतर करता येतं. इंग्रजीतच लिहा असा आग्रह धरलात की सगळ्यांकडून तीच चार गुळगुळीत वाक्यं येतात.

‘सर खूप चांगले आहेत, नेहमी मदत करतात’ या वाक्याचा समितीला उपयोग नाही, कारण ते कुणाबद्दलही लिहिता येतं. त्याऐवजी असं हवं: ‘पासपोर्टची मुदत सहा महिन्यांत संपते हे सरांनी प्रवेशाच्या दिवशीच पाहिलं, दूतावासाला द्यायचं पत्र त्याच आठवड्यात तयार करून दिलं, त्यामुळं पुढची मुदतवाढ वेळेत झाली.’ यात काय केलं, कधी केलं आणि त्यानं काय टळलं, हे तिन्ही आलं. लिहिणाऱ्याला हेच तीन प्रश्न द्या.

भाषांतर करताना वाक्यं सजवू नका. मूळ मजकूर आणि भाषांतर दोन्ही जोडा, आणि भाषांतर कुणी केलं ते खाली लिहा.

५. मजकूर गाळून घ्या

इथं चूक झाली तर कौतुकाचं पत्र त्या माणसाच्या अंगावर येतं. आलेल्या प्रत्येक आठवणीत दोन गोष्टी तपासा.

पहिली, नियम वाकवल्याचा उल्लेख. ‘माझी मुदत उलटून गेली होती तरी त्यांनी जमवून दिलं’, ‘माझ्या जागी त्यांनीच सही केली’, ‘वसतिगृह बंद होतं म्हणून चार दिवस त्यांच्या घरी राहिले’. लिहिणाऱ्याच्या दृष्टीनं ही माया आहे, कार्यालयाच्या दृष्टीनं खुलासा मागवण्याचं कारण. परदेशी व्यक्तीला घरी ठेवलं तरी ते कळवावं लागतं, हे विद्यार्थ्याला ठाऊक नसतं. असं वाक्य परस्पर बदलू नका. लिहिणाऱ्याला कारण समजावून सांगा आणि दुसरा प्रसंग मागा.

दुसरी, खासगी माहिती. पासपोर्ट क्रमांक, व्हिसाचा तपशील, आजाराचं नाव, घरच्या आर्थिक अडचणी, मायदेशातली राजकीय परिस्थिती, यातलं काहीही पत्रात नको. पत्र पाच टेबलांवरून फिरतं आणि त्याच्या झेरॉक्स निघतात. ‘प्रकृतीची अडचण असताना’ एवढं पुरतं. नाव द्यायला कुणी कचरत असेल तर ‘पदव्युत्तर द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी’ असं लिहा.

६. पत्र लिहा

एक पान, फार तर दीड. मराठीत लिहा. कार्यालयाची भाषा मराठी आहे आणि टिपणी त्याच भाषेत पुढं सरकते. संस्थेचं कामकाज इंग्रजीत चालत असेल तरच दोन्ही भाषांत द्या. साचा असा:

प्रति,
मा. कुलसचिव / मा. प्राचार्य,
(संस्थेचं नाव व गाव)

विषय: श्री./श्रीमती ______, (पदनाम, विभाग) यांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी केलेल्या कामाची नोंद घेणेबाबत.

महोदय/महोदया,
आम्ही खाली सही करणारे विद्यार्थी आपल्या संस्थेत शिकत आहोत / शिकलो आहोत. श्री./श्रीमती ______ यांनी शैक्षणिक वर्ष ______ पासून परदेशी विद्यार्थ्यांची नोंदणी, निवास व दैनंदिन अडचणी यांबाबत केलेल्या कामाचे तीन प्रसंग पुढे देत आहोत.
(तीन प्रसंग, प्रत्येकी तीन-चार ओळी)
या पत्राची प्रत त्यांच्या वैयक्तिक नस्तीत ठेवावी व केलेली नोंद त्यांना लेखी कळवावी, ही विनंती.

(सह्या, नाव, अभ्यासक्रम, वर्ष)
सोबत: विद्यार्थ्यांचे लेखी अनुभव, एकूण ___ पाने.
प्रत: संबंधित विभागप्रमुख.

‘वैयक्तिक नस्तीत ठेवावी’ ही ओळ विसरू नका. ती नसेल तर पत्र वाचून ‘दफ्तरी दाखल’ होतं आणि आवक-जावकच्या गठ्ठ्यात राहतं. पत्र आवक विभागात द्या, तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. साहेबांच्या हातात थेट देऊन फोटो काढलात तर छान वाटेल, पण आवक क्रमांकाशिवाय त्या पत्राचा पुढं माग काढता येत नाही.

पत्रात दुसऱ्या कुणाची तुलना किंवा तक्रार नको. ‘बाकीचे लक्ष देत नाहीत, हे एकटेच देतात’ या एका वाक्यानं सगळं कार्यालय त्या माणसाच्या विरोधात जातं. तक्रार असेल तर तिचं पत्र वेगळं.

७. पत्र योग्य दारी न्या

सातारा-सांगलीत इथंच गोंधळ होतो, कारण शेजारशेजारच्या संस्था वेगवेगळ्या छत्राखाली आहेत. साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेची तीन महाविद्यालयं एकत्र येऊन कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं आहे, म्हणून तिथल्या कर्मचाऱ्याचं पत्र त्याच विद्यापीठाच्या कुलसचिवांकडं जाईल. दोन्ही जिल्ह्यांतली इतर अनेक कला, वाणिज्य, विज्ञान महाविद्यालयं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहेत. पण संलग्न महाविद्यालयातला कर्मचारी हा विद्यापीठाचा नोकर नसतो. त्याची नस्ती महाविद्यालयात किंवा त्याच्या शिक्षण संस्थेच्या मुख्य कार्यालयात असते. पत्र आधी प्राचार्यांकडं, प्रत संस्थेच्या सचिवांकडं. थेट कोल्हापूरला पाठवलेलं पत्र फिरून परत येतं.

कऱ्हाडजवळच्या मलकापूरचं कृष्णा विश्व विद्यापीठ अभिमत आहे, तिथं कुलसचिव एकाच आवारात भेटतात. सांगलीचं भारती विद्यापीठाचं वैद्यकीय महाविद्यालय पुण्याच्या अभिमत विद्यापीठाचा भाग आहे, त्यामुळं प्राचार्यांच्या मार्फत पुण्याला जाणारी एक प्रत ठेवा. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय शासनाचं आहे, तिथं अधिष्ठात्यांना लिहा.

८. पुरस्कारासाठी प्रस्ताव

अनेक विद्यापीठं आणि शिक्षण संस्था वर्धापनदिनाच्या किंवा संस्थापकांच्या जयंतीच्या सुमारास गुणवंत सेवकांचा गौरव करतात. शिवाजी विद्यापीठाचा वर्धापनदिन १८ नोव्हेंबर, रयतमध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांची जयंती २२ सप्टेंबर. परिपत्रक त्याच्या बरंच आधी निघतं आणि सूचनाफलकावर आठवडाभर दिसतं. म्हणून आस्थापना विभागात जूनमध्येच चौकशी करा. तीन गोष्टी विचारा: विहित नमुना कोणता, प्रस्ताव कर्मचाऱ्यानं स्वतः द्यायचा की विभागप्रमुखानं, आणि किती वर्षांची सेवा लागते.

बहुतेक नमुन्यांत ‘परदेशी विद्यार्थ्यांसाठी काम’ असा रकाना नसतो. तो मजकूर ‘विशेष उल्लेखनीय कार्य’ किंवा ‘विद्यार्थिहिताचे उपक्रम’ यांत बसवा. जोडायचे कागद:

- आवक क्रमांक असलेलं तुमचं पत्र
- विद्यार्थ्यांचे लेखी अनुभव, भाषांतरासह
- त्या काळात किती परदेशी विद्यार्थी होते याचा प्रवेश विभागाचा दाखला
- कामाचे आदेश, समितीवरची नेमणूक, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं
- विभागप्रमुखांची शिफारस

कामाचा लेखी आदेशच नाही, असं फार वेळा निघतं. तोंडी सांगितलं आणि माणूस आठ वर्षं करत राहिला. अशा वेळी विभागप्रमुखांकडून ‘सदर कर्मचारी अमुक वर्षापासून हे काम पाहत आहेत’ असं प्रमाणपत्र घ्या. पुरस्कार मिळो न मिळो, हा कागद त्यांच्या पुढच्या सगळ्या सेवेत कामाला येतो.

९. भेटवस्तू आणि वर्गणी

शासकीय महाविद्यालयात महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू असतात. भेटवस्तू स्वीकारणं आणि स्वतःच्या सन्मानार्थ होणारे कार्यक्रम यांवर त्यांत बंधनं आहेत. इतर संस्थांचे आपापले सेवानियम असतात. घड्याळ, मोबाईल, सोन्याचं नाणं, रोख पाकीट यांतलं काहीही नको. ज्याच्या सहीवर तुमचे कागद पुढं जातात त्याला मौल्यवान वस्तू देणं म्हणजे त्यालाच अडचणीत टाकणं. परदेशी विद्यार्थ्यांकडून वर्गणीही मागू नका. शिष्यवृत्ती लांबलेली असते, आणि नाही म्हणायला ते संकोचतात.

हातानं लिहिलेल्या पत्रांची वही, प्रत्येक पानावर एका विद्यार्थ्याचा स्वतःच्या लिपीत मजकूर आणि खाली मराठी अर्थ, ही भेट कुठल्याही नियमात बसते. सोबत कंदी पेढे किंवा भडंग सगळ्या कार्यालयाला वाटा, फक्त एकाच टेबलावर नको.

१०. कार्यक्रम, झालाच तर

चाळीस मिनिटं पुरेत. जागा त्याच विभागात किंवा शेजारच्या सभागृहात. संस्थाप्रमुखांची लेखी परवानगी आधी घ्या. तारीख ठरवताना प्रवेशाचे आठवडे, परीक्षा आणि रमजानमधली इफ्तारची वेळ टाळा.

मंचावर बोलणारे तीन: दोन परदेशी विद्यार्थी आणि संस्थाप्रमुख. विद्यार्थ्यांना चार वाक्यं मराठीत बोलायची असतील तर बोलू द्या. उच्चार चुकले तर सभागृहातून दुरुस्त करू नका. सूत्रसंचालकानं विद्यार्थ्यांची नावं आदल्या दिवशी त्यांच्याच तोंडून ऐकून देवनागरीत लिहून घ्यावीत. फेटे बांधून त्यांना पाहुण्यांच्या मागं फोटोपुरतं उभं करू नका, पहिल्या रांगेत बसवा. कर्मचाऱ्याच्या घरच्यांना अवश्य बोलवा. रात्री-अपरात्री आलेल्या फोनांचा भार त्यांनीही उचललेला असतो.

फोटो आणि बातमी देण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याची संमती घ्या. काहींना मायदेशातल्या कारणांमुळं चेहरा छापून यायला नको असतो. बातमीत गावाचं आणि देशाचं नाव पुरे, खोलीचा पत्ता नाही.

११. पंधरा दिवसांनी पुन्हा जा

आवक क्रमांक घेऊन आस्थापना विभागात जा आणि पत्र कुठं आहे ते विचारा. ‘साहेबांच्या टेबलावर आहे’ असं उत्तर आलं तर आणखी आठ दिवसांनी पुन्हा. नस्तीत नोंद झाल्याचं कर्मचाऱ्याला लेखी कळवलं गेलं, की त्या कागदाची एक प्रत तुमच्या फाईलमध्ये ठेवा आणि ती फाईल पुढच्या वर्षीच्या वर्गप्रतिनिधीच्या हाती द्या.